मातीचा आंबटपणा

शिक्षकानें आपली चूक छापून प्रसिद्ध करावी असा प्रघात नाहीं. तथापि गतवर्षीं माझ्या हातून घडलेल्या एका चुकीनें मला पुष्कळ शिकविलें. म्हणून ती विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहें.

लष्करी छावणीच्या जागीं वसलेल्या व १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव मिळालेल्या या गांवांत घरें दाटीनें उभीं आहेत. कॅम्प १ मध्यें अंगण फार थोड्यांच्या वांट्यास येतें. यास्तव आमच्या वर्गाची शेती शाळेच्या व्हरांड्यांतील तीन कुंड्यांत होती. पहिलींत जवळच्या शेतांतील काळी माती, दुसरींत रत्नागिरीकडील जांभ्याची तांबडी माती, आणि तिसरींत तीच तांबडी माती थोडी राख मिसळून. प्रत्येकींत आम्हीं मटकीचे दहा दाणे पेरले.

मातीचा आंबटपणा ‘सामू’ या अंकानें मोजतात. हें माप डेन्मार्कमधील सोरेन्सेन यांनीं १९०९ सालीं दिलें. सात हा मध्य. त्याखालीं एकेक अंकास आंबटपणा दसपट वाढतो. आमच्या तांबड्या मातीचा सामू पांच भरला. कोंकणांतील मुसळधार पाऊस मातींतील चुना धुवून नेतो, त्याचा हा परिणाम.

चौथ्या दिवशीं तिन्ही कुंड्यांत अंकुर दिसले. मीं घाईनें फळ्यावर लिहिलें, “आंबटपणानें बियांस अपाय होत नाहीं.” बदलापूरपलीकडील खेड्यांतून येणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, अजून थोडे दिवस थांबूं या. माझे वडील राब भाजल्यावांचून भात पेरीत नाहींत. राखेंत कांहीं गुण असेल.” मीं हंसलों व “ही जुनी समजूत आहे” असें म्हणून त्यास खालीं बसविलें.

तो रोज पाणी घालीत राहिला. महिन्यानें त्यानें तिन्ही कुंड्यांतील एकेक रोप मुळासकट माझ्या टेबलावर आणून ठेवलें. दुसऱ्या कुंडींतील रोप फिकें व खुरटलेलें होतें. मूळ आंखूड, त्यावर गांठी जवळजवळ नाहींत. राखेच्या कुंडींतील रोप मात्र काळ्या मातींतील रोपाच्या बरोबरीचें होतें.

बीं आपली शिदोरी बरोबर आणतें. म्हणून माफक आंबट मातींतही तें रुजतें. शिदोरी संपली कीं मुळाला मातीकडे हात पसरावा लागतो. सामू साडेपांचाखालीं गेला कीं मातींतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांचीं टोकें खुंटवितें, स्फुरद मातींतच अडकून राहतो, आणि कडधान्यांच्या मुळांवर गांठी बांधून नत्र पुरविणारे जिवाणू मंदावतात. राख आंबटपणा कमी करते व पालाशही देते. राबाच्या आगीनें तणाचें बींही जळतें. मात्र चुनखडीच्या काळ्या मातींत राख फार घातल्यास उलट अपायच होतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

दुसऱ्या दिवशीं मीं सर्व वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली व फळ्यावर त्याचेंच वाक्य लिहिलें. त्याच्या वडिलांनीं मला राब पाहावयास बोलाविलें आहे. येत्या वैशाखांत मी जाणार आहें. सामू मोजण्याचे कागद बरोबर नेईन, परंतु प्रथम त्यांचें म्हणणें ऐकून घेईन.