मधला खांब

चिंचवडांतील आमच्या जुन्या घराच्या तळघरांत मधोमध एक सागवानी खांब होता. अभ्यासास मोकळी खोली व्हावी म्हणून तो काढावयाचें ठरलें, तेव्हां आजी म्हणाली, "त्या खांबानें तुमचें काय घोडें मारलें आहे?"

प्रश्न रास्त होता. भार सर्वत्र सारखा धरल्यास अखंड तुळईखालचा मधला खांब ८ पैकीं ५ हिस्से पेलतो. तो गेला म्हणजे सारा भार निम्मा निम्मा भिंतींवर येतो, व गाळा दुप्पट झाल्यानें तुळईस वांकविणारा जोर चौपट होतो. (फुटपट्टी आडवी व मग उभी धरून वांकवून पाहावी, तुळई रुंदीपेक्षां उंचीनें कां वाढवितात तें कळेल.)

इंजिनिअरांकडून हिशेब करविला. प्रथम भिंतींत तुळईच्या टोकांखालीं काँक्रीटच्या उशा घालून त्या पुरत्या मुरूं दिल्या. घाई करावयाची ती येथें नव्हे. मग खांबाच्या दोहों बाजूंस टेकू उभारून जॅकनें भार त्यांवर घेतला, आणि भोसरीहून आणलेले पोलादी चॅनेल तुळईच्या दोन्ही अंगांस बोल्टांनीं आवळले. खांब निघाला, टेकू एकेक करून सैल केले. गवंड्यानें दोरी ताणून पाहिली. मध्यें झोल दोन सुतांहून कमीच भरला.

त्या सागवानाचे आजीनें जेवणाचे पाट करून घेतले.