बेताचा जुगार

जुगार आणि काटकसर यांना एका पंगतीला बसलेले सहसा कोणी पाहिलेले नसते. एक आला की दुसरी ताट सोडून उठते, असाच त्यांचा लौकिक आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून तर जुगाराचे नाव हलक्या आवाजात घेतले जाते, आणि काटकसरीचे मात्र शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने! त्यातून आपण पडलो सरकारी नोकर. मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधीची कपात आणि बदलीच्या गावचे घरभाडे एवढ्या रकान्यांतून ज्याचा महिना सरतो, त्याच्या अंदाजपत्रकात द्यूतासाठी तरतूद कोठून असणार? तथापि माझे मत दिवसेंदिवस असे बनत चालले आहे की, जुगारातला निखळ आनंद कोणाच्या वाट्याला येत असेल, तर तो धनिकाच्या नव्हे. ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत, आणि ते मोजकेच आहेत याचा ज्याला क्षणभरही विसर पडत नाही, त्यालाच तो लाभतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला त्यांनी द्यूतप्रतिपदा असे नाव दिले. त्या दिवशी पार्वतीने साक्षात शंकराला फाशांच्या खेळात हरवले, अशी कथा आहे. आणि त्या आधारावर वर्षातून एक दिवस फासे हाती घेण्याची मुभा गृहस्थाला मिळाली. या मुभेतले मर्म ‘खेळा’ या शब्दात नाही, ‘एक दिवस’ या शब्दांत आहे. दुसऱ्या दिवशी भाऊबीज; फासे फडताळात गेलेच पाहिजेत. धर्मराजाचे चुकले ते नेमके इथे. तो खेळला म्हणून बुडाला असे म्हणण्यापेक्षा, कोठे थांबायचे हे बसण्यापूर्वी ठरवले नव्हते म्हणून बुडाला, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. राज्य गेले, भाऊ गेले, स्वतः गेला आणि मग द्रौपदी पणाला लागली. एवढे होऊन सारे परत मिळाले, तेव्हा पुन्हा बोलावणे आले आणि हा पुन्हा पटावर जाऊन बसला! महाभारतकारांनी ते दुसरे द्यूत मुद्दाम सांगितले आहे. पहिल्या द्यूतात शकुनीचे कपट दिसते. दुसऱ्यात माणसाचा स्वभाव दिसतो.

बंगळूरला बदली होऊन आलेल्या माणसाला या विषयावर विचार करण्यास सवड आणि निमित्त दोन्ही मिळतात. विधानसौधापासून फार दूर नाही अशा ठिकाणी, ऐन शहराच्या मध्यावर, घोड्यांच्या शर्यतींचे मैदान पसरलेले आहे. शर्यतीच्या दिवशी त्याच्या फाटकाशी उभे राहिले तर मोटारीतून उतरणारे मालक दिसतात आणि बसमधून उतरणारे कारकूनही दिसतात; दोघांच्या हाती घोड्यांच्या कुळांची तीच पुस्तिका असते, आणि तिचा अभ्यास कारकून अधिक मनापासून करीत असतो. हा अभ्यास अगदीच वाया जाणारा नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेला आहे. घोड्यांची शर्यत हा केवळ दैवाचा खेळ नसून कौशल्याचा आहे, असे न्यायालयाने त्या वेळी ठरविले. आमच्या कार्यालयातील एका गृहस्थांना हा निकाल तोंडपाठ आहे. त्यांचे कौशल्य मात्र अद्याप न्यायप्रविष्ट आहे.

पण बंगळूरच्या जुगाराची मला सर्वांत मोह घालणारी आठवण घोड्यांची नव्हे, कागदाच्या कपट्यांची आहे. स्वातंत्र्यानंतरच्या काळात या शहरातून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. त्यात शब्दकोड्यांची बक्षीस-स्पर्धा असे. पत्र छापले जाई बंगळूरला, पण त्याचे भक्त पसरलेले होते मुंबई राज्यभर. कोडे असे की, एकाच जागेत दोन शब्द सारखेच शोभावेत. आणि बरोबर कोणता, तर आधीच मोहोरबंद पाकिटात ठेवलेल्या उत्तरात असेल तो! साहजिकच जितके पर्याय तितक्या प्रवेशिका, आणि जितक्या प्रवेशिका तितके शुल्क. आमच्या मंडळात येणारे ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ सांगतात की, त्यांचे वडील कात्रीने ती चौकट इतकी सुबक कापीत की मागे राहिलेले वृत्तपत्र खिडकी काढलेल्या भिंतीसारखे दिसे. घरात रोज त्या खिडकीतून भविष्य पाहिले जाई.

मुंबई सरकारने १९५२ साली कायदा दुरुस्त करून बाहेरगावच्या वृत्तपत्रांतील अशा स्पर्धांवरही कर बसविला, आणि प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी त्या निकालपत्रात ऋग्वेदातील जुगाऱ्याच्या सूक्तापासून मनूपर्यंतचे दाखले दिले, आणि जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे, असे सांगितले. दरम्यान १९५५ च्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांना महिन्याला एक हजार रुपयांची आणि प्रवेशिकांना दोन हजारांची मर्यादा घातली होती. बक्षिसाला मर्यादा पडताच कोड्याचे तेज गेले. ज्ञानासाठी कोडी सोडविणारे जे उरले, त्यांची संख्या बहुधा बेताचीच असावी.

सरकारची नीती या बाबतीत नेहमीच दुहेरी राहिलेली आहे. कौटिल्याने द्यूतावर अध्यक्ष नेमला, खेळ एकाच जागी चालावा असे बंधन घातले, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच वसूल करण्यास सांगितले. महाराष्ट्र सरकारने १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती आणि लॉटरी यांवरील वस्तू व सेवा कर शेकडा चाळीस झाला आहे. कौटिल्याला हा आकडा कळता, तर त्याने आपली शेंडी पुन्हा एकदा सोडली असती.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात आम्ही तिघे गोव्याला गेलो, ते मात्र कौटिल्याच्या ओढीने नव्हे, कुपनांच्या ओढीने. मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोंची कीर्ती बंगळूरात सर्वांच्या कानी असते. गोव्याच्या १९७६ च्या कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलांचे खेळ आले. गंमत अशी की, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तेथे खेळण्यास मनाई आहे. स्वतःच्या पोरांना जे देऊ नये, ते पाहुण्यांना आग्रहाने वाढावे, असा हा पाहुणचार!

पावसाळ्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, प्रवेशाची चिठ्ठी स्वस्त मिळते. आम्हांला ती अडीच हजारांना मिळाली. तीत रात्रीचे जेवण होते, आणि शंभर-शंभर रुपयांची पंधरा कुपने. यशवंतपुराहून वास्कोच्या गाडीची साधी शयनिका, वास्कोहून पणजीला कदंबची बस, दुपारी एका खानावळीत माशांचे जेवण. परतीच्या गाडीभाड्यासह माणशी पाच हजारांच्या आत सारे बसविले होते. आमचे खजिनदार सोलापूरचे. त्यांनी जन्मात कधी पत्ता हाती धरला नव्हता. ते येतात म्हणाले तेव्हा आम्हांलाच आश्चर्य वाटले. त्यांची अट एकच होती: बोटीत पाय ठेवण्यापूर्वी तिघांची पाकिटे आणि बँकेची कार्डे त्यांच्या हवाली करायची. आम्ही हसत हसत मान्य केले. त्यांनी ती सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वरचे बटण लावले.

लेखापरीक्षणात आयुष्य घालविलेल्या माणसाला कुपन हाती आले की त्याची पाठ वाचण्याची सवय असते. पाठीवरचा नियम असा होता: कुपन रोखीत बदलता येणार नाही, ते एकदाच लावता येईल, जिंकल्यास शंभर रुपये रोख मिळतील, पण कुपन घर घेईल, आणि ते फक्त सम पैजांवरच, म्हणजे तांबडे की काळे यावरच, लावता येईल. रूलेटच्या चाकाला सदतीस घरे असतात. अठरा तांबडी, अठरा काळी, आणि एक हिरवे शून्य. ते हिरवे घर मालकाचे. रोख शंभर लावणाऱ्याचे त्या एका घरापायी सरासरी दोन रुपये सत्तर पैसे जातात. पण कुपनाचे गणित निराळे आहे. जिंकले तरी ते परत येत नाही. म्हणून पंधराशेच्या कुपनांची खरी किंमत सरासरी सातशे तीस रुपये. मी हा हिशेब जेवणाच्या कागदी रुमालावर मांडून दाखविला, तेव्हा आमचे तरुण सहकारी म्हणाले, “काका, तुम्ही सुट्टीवर आहात.”

तसे होतोही. हिशेब कळला म्हणून आनंद उणा झाला नाही. उलट जे जायचे ते चिठ्ठी घेतानाच गेले, आता उरला तो केवळ खेळ, अशी एक निश्चिंतता आली. आम्ही दहा-दहा मिनिटांनी एक कुपन लावीत होतो. मधल्या वेळात चाक पाहावे, माणसे पाहावी. चाकावरची पांढरी गोळी कडेने धावत असता सारे टेबल श्वास धरते. ती कड सोडून खाली घरंगळू लागली की प्रत्येकाच्या चेहऱ्यावर त्याचे खरे वय दिसते. बाजूच्या टेबलावर अंदर-बाहरचा डाव चालला होता. या खेळाचे मूळ बंगळूरचे, असे म्हणतात. पत्ता ज्या बाजूला आधी पडतो तिचे पारडे थोडे जड असते, शेकडा साडेएक्कावन्न; आणि एवढ्याशा दीड टक्क्याभोवती प्रौढ माणसे देवासारखी हात जोडून बसली होती. आमच्यासारख्या कुपनवाल्यांकडे मोठे खेळणारे ढुंकूनही पाहत नव्हते. नाटकाला तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढणाऱ्याला जे सुख असते, तेच आम्हांला होते: दिसते सारे, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही.

अकराच्या सुमारास तिघांची पंचेचाळीस कुपने संपली. बावीस जिंकली होती. मला सहाशे मिळाले, तरुणाला सातशे, आणि ज्यांनी कधी पत्ता धरला नव्हता त्या खजिनदारांना नऊशे. तरुणाने आपले सातशे त्याच टेबलावर लावले, आणि ते दोन फेऱ्यांत गेले. त्याचे डोळे निराळे दिसू लागले. तो खजिनदारांकडे वळून म्हणाला, “काका, माझे पाकीट द्या. पाचशेच काढतो.”

“पलीकडे गेल्यावर सगळेच देतो.”

“अहो काका, माझेच पैसे आहेत ना?”

“तुझेच आहेत. म्हणून तर सांभाळतोय.”

बटण उघडले गेले नाही. तरुण रागावला, बाजूला जाऊन उभा राहिला. आणि आम्हा तिघांत एक अवघडलेला अर्धा तास गेला. माझे लक्ष खजिनदारांच्या हातातील नऊशे रुपयांकडे होते. ते त्यांनी दोनदा मोजले, चाकाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग घडी घालून, पाकिटांच्याच खिशात, पण निराळे ठेवले.

बोटीने धक्क्यावर उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. त्यांनी ज्याचे त्याचे पाकीट ज्याच्या त्याच्या हाती दिले, आणि मग न विचारताच बोलू लागले. वडील गिरणीत होते. मुंबईत बसून कोणी न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आकडा लावी, पुढे मडक्यातून चिठ्ठी निघू लागली, आणि तो आकडा सोलापूरच्या चाळींपर्यंत येऊन पोचला. “लोकांना वाटते, हरल्यामुळे ते बुडाले. तसे नाही. एका शनिवारी ते जिंकले होते. आईला लुगडे आणले, आम्हांला पेढे आणले. पुढची वीस वर्षे ते त्या शनिवारी परत जायला निघालेले असायचे.” थोडे थांबून ते म्हणाले, “आज नऊशे हातात आले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल ते मला कळले. तेवढ्यासाठीच आलो होतो.”

तरुणाने काही उत्तर दिले नाही. पण बसच्या थांब्याकडे जाताना त्यांची पिशवी त्याने आपल्या खांद्यावर घेतली.

कुपन हे आमिष आहे, यात शंका नाही. कोणताही धंदेवाला पंधराशेचे कागद आणि पोटभर जेवण उगाच वाटीत नाही. पंधरा कुपने संपता संपता माणसाचा हात आपसूक खिशाकडे जातो, हे त्याला पक्के माहीत असते. जे थांबतात त्यांचा खर्च न थांबणारे भरून देतात. म्हणून गळ टाळून आमिष तेवढे खाणे हा फार हुशारीचा खेळ आहे, असा अभिमान कोणी बाळगू नये. माशालाही तसेच वाटत असते. हुशारी टेबलावर उपयोगी पडत नाही. तेथे ती सर्वांत आधी फितूर होते. उपयोगी पडते ते किनाऱ्यावर असताना, डोके थंड असताना लावलेले बटण, आणि ते न उघडणारा मित्र.

परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते. गावी असता चार डोळे आपल्यावर असतात. थोरली वहिनी, शेजारचे आजोबा, नाक्यावरचा वाणी, हे सारे आपल्या नकळत आपली पाकिटे सांभाळीत असतात. बदलीच्या गावी तसे कोणी नसते. तेथे माणसाला आपला सोबती आपणच निवडावा लागतो. आमच्या खजिनदारांची पुढच्याच वर्षी नागपूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी कळले की, त्या नऊशे रुपयांची त्यांनी सोलापुरास आईसाठी साडी पाठविली होती, आणि पैसे कोठले हे तिला मुळीच कळविले नव्हते.