सुरकुत्या आणि शास्त्र

गेल्या पिढीपर्यंत आपल्या घरांतील प्रसाधनाचें कपाट फार लहान असे. दिवाळींत उटणें, थंडींत खोबरेल किंवा तिळाचें तेल, सणासुदीला उगाळलेलें चंदन. एवढ्यावर आजीपासून नातीपर्यंत सर्वांची त्वचा निभावून जात असे. हल्लीं त्याच कपाटांत बोटभर उंचीच्या बाटल्या दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांवर ‘पेप्टाइड’ हा शब्द ठळक छापलेला असतो. बाटली सुनेची, उत्सुकता सासूची आणि थट्टा दिराची, असा प्रकार एकत्र कुटुंबांत घरोघर चालतो. ह्या बाटलींत आहे तरी काय, आणि तिच्याकडून कोणीं किती आशा बाळगावी, ह्याचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण ह्या प्रश्नांत घरचा पैसा आणि घरच्या वडीलधाऱ्या बायकांचें मन, दोन्ही गुंतलेलीं आहेत.

डाळींतील किंवा दुधांतील प्रथिनें हीं अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्या होत. थोड्या कड्यांच्या आंखूड साखळीस पेप्टाइड म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं एमिल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें अशा साखळ्या प्रयोगशाळेंत जोडून दाखविल्या आणि त्यांस हें नांवही दिलें. परंतु कडीमागून कडी जोडणें फार कष्टाचें काम होतें. १९६३ सालीं अमेरिकेंतील ब्रूस मेरिफील्ड ह्यांनीं पहिली कडी एका बारीक घन मण्याला चिकटवून पुढच्या कड्या क्रमानें जोडीत जाण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८४ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना ह्याच कामाबद्दल मिळालें. हव्या त्या क्रमाचें कृत्रिम पेप्टाइड बनविणें ह्या रीतीमुळें सुकर झालें.

आतां त्वचेकडे वळूं. वरच्या पापुद्र्याखालीं जो जाड थर असतो, त्याचें बळ कोलॅजन नामक प्रथिनाच्या तंतूंत असतें. खाटेची नवार घट्ट असावी तसे हे तंतु त्वचेला ताणून धरतात. वय वाढतें तसे नवे तंतु कमी निघतात आणि जुने तुटतात. उन्हानें ही झीज पुष्कळच वाढते, आणि स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर ती आणखी वेग घेते. मग कोणी विचारील, कोलॅजनच वरून कां चोळूं नये? त्याचा रेणु सुमारें ३,००,००० डाल्टन वजनाचा असतो. आणि धडधाकट त्वचेंतून सामान्यतः ५०० डाल्टनांहून मोठे रेणु आंत शिरत नाहींत, असा ठोकताळा २००० सालीं हॉलंडांतील संशोधकांनीं मांडला आहे. दारांतून हत्ती जाईना म्हणून निरोप्या पाठवावा, तशी पेप्टाइडांची कल्पना आहे.

१९७३ सालीं लोरेन पिकार्ट ह्यांनीं मानवी रक्तद्रवांत तांब्याला धरून ठेवणारें तीन कड्यांचें एक पेप्टाइड शोधून काढलें. १९९३ सालीं असें आढळलें कीं, कोलॅजनच्या पूर्वरूपांतील पांच कड्यांचा एक तुकडा पेशींना दिला असतां त्या नवें कोलॅजन अधिक बनवूं लागतात. जणूं पडझडीची वर्दीच त्यांना पोंचते. ह्या तुकड्याला पामिटिक आम्लाची स्निग्ध शेपटी जोडली म्हणजे तो त्वचेच्या तेलकट थरांत अधिक सहज मिसळतो; मात्र शेपटीसह त्याचें वजन ८०० डाल्टनांवर जातें, हेंही ध्यानांत ठेवावें. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चांचणींत ३५ ते ५५ वर्षांच्या ९३ स्त्रियांनीं १२ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूस ह्या पेप्टाइडाचें क्रीम लावलें, आणि दुसऱ्या बाजूस तेंच क्रीम पेप्टाइडावांचून लावलें. कोणत्या बाजूस काय, हें त्यांना ठाऊक नव्हतें. पेप्टाइडाच्या बाजूच्या बारीक रेषा कमी झाल्या खऱ्या, परंतु फरक लहान होता. शिवाय चांचणी घेणारे शास्त्रज्ञ प्रसाधनें बनविणाऱ्या कंपनीचेच होते. त्वचेचा दाह शमविण्यासाठीं म्हणून जीं पेप्टाइडें घालतात, त्यांचा पुरावा तर बहुतांशीं प्रयोगशाळेंतील पेशींवरचा आहे. त्वचेला वाटणाऱ्या आरामांत क्रीममधील ग्लिसरीन व स्निग्ध द्रव्यें ह्यांचा मोठा वांटा असतो.

ह्याच्या शेजारीं दुसरी एक चांचणी ठेवून पाहावी. ऑस्ट्रेलियांतील नॅम्बूर गांवीं ९०३ प्रौढ माणसांची साडेचार वर्षें पाहणी झाली, आणि तिचा निकाल २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. रोज नेमानें सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचें जून होणें, मनास येईल तेव्हां लावणाऱ्यांपेक्षां २४ टक्के कमी आढळलें. तेव्हां ज्या गृहिणीजवळ एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तिनें आधीं उन्हाचा बंदोबस्त करावा, असें आम्ही सुचवूं.

आमच्या घरीं थोरल्या काकू आहेत, वय ७८. थंडींत त्यांच्या पायांना व पाठीला इतकी कंड सुटे कीं, रात्र रात्र डोळा लागत नसे. सुनेनें क्रीम पुढें केलें तेव्हां त्या म्हणाल्या, “अग, ह्या वयांत मला कसलीं क्रिमें लावतेस? चारचौघी काय म्हणतील?” ह्या संकोचाचें मूळ आपल्याच समाजांत आहे. काकूंच्या आजीच्या काळीं कित्येक घरांत विधवेला आरशासमोर उभें राहण्याचीही चोरी होती. उतारवयांत देहाची निगा राखणें म्हणजे छचोरपणा, ही समजूत त्या काळाची शिल्लक आहे. पुढें डॉक्टरांनींच सांगितलें कीं, म्हातारपणीं त्वचेंतील तेल व ओलावा कमी होतो, त्याची ही कंड. स्नानाचें पाणी फार कढत नको, साबण बेताचा असावा, आणि अंग ओलसर असतांनाच सुगंध नसलेलें साधें मलम लावावें. पंधरवड्यांत काकूंना झोंप येऊं लागली. त्या मलमांत पेप्टाइड नव्हतें.

आमच्या वहिनींनीं आपल्या पगारांतून पेप्टाइडाची बाटली आणली, तेव्हां घरांत थोडी कुजबुज झाली. आम्हांस त्यांत कांहींच गैर दिसत नाहीं. पुरुषांचा कलप ज्या घरांत निमूटपणें चालतो, तेथें स्त्रीच्या बाटलीची चर्चा कां व्हावी? वहिनींना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, तीन महिने धीर धरावा, लहान फरकाचीच अपेक्षा ठेवावी, आणि चेहऱ्याला आग होऊं लागल्यास बाटली किती महाग होती हें न आठवतां ती बाजूस ठेवावी.

आम्हांस खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. जाहिरात वृद्धत्वाला व्यंग ठरविते, आणि घर वृद्धेच्या साध्या सुखाला लाज ठरवितें. ह्या दोहोंच्या कात्रींत सांपडलेली बाई आपली कंड, आपली आग आणि आपली भेगाळलेली टाच कोणापाशीं बोलत नाहीं. पहिलीचा बंदोबस्त आपल्या हातीं फारसा नाहीं. दुसरें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. महिन्याच्या किराण्याच्या यादींत आजीचें मलम आपण होऊन लिहिलें जावें. तें मागण्याची पाळी तिच्यावर येऊं नये.