पंपाचं टायमिंग आणि लॅपटॉपवाला

मृगाचा पाऊस होऊन जातो, रानाला वापसा येतो आणि नेमका तेव्हाच जुना ट्रॅक्टर रुसतो. पांढरा धूर, स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरलेली, आणि चालू झालाच तर ओढ नाही. आमच्या तालुक्यात दर जूनला कुठल्या ना कुठल्या वस्तीवर हे चालू असतं. मग कुणीतरी म्हणतं, "टायमिंग हललं असंल."

शहरातल्या मित्रांसाठी थोडं सांगतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी कधी पडायची ते टायमिंग. आपल्याकडचे ट्रॅक्टर डिझेलचे, त्यात ठिणगीच नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की पेट घेतो. पण पेट घ्यायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या थोडं आधीच फवारा सुरू व्हावा लागतो. किती आधी, तर काही अंश. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर १० अंश फिरायला सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लागत नाही. फवारा फार लवकर आला तर इंजिन ठोके मारतं. उशिरा आला तर ताकद जाते, धूर आणि गरमी वाढते, आणि डिझेलचं बिल शेतकऱ्याच्या डोक्यावर.

आता गंमत बघा. एवढं बारीक गणित आमच्या स्टँडमागचा मेस्त्री डिझेलच्या थेंबावर लावतो. पंप तो 'मायको'चा म्हणतो. त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश आहे, पण आमच्याकडं मायको ते मायकोच. आधी पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला आणायचा. चार सिलिंडरच्या इंजिनात खूण सोपी: चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह जरा हलायला लागले की पहिला कॉम्प्रेशनवर वर आलेला असतो. मग फ्लायव्हील थोडं मागं घ्यायचं. पंपाच्या पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढायची, वर वाकवलेली नळी बसवायची, रॅक फुल ठेवायचा. टाकीतलं डिझेल नळीतून धारेनं यायला लागतं. मग टॉमीनं फ्लायव्हील हळूहळू पुढं. धार बारीक होते, थेंब होतात, थेंब तुटतो. तिथंच थांबायचं. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची अंशाची खूण काट्यासमोर पाहिजे. नसली तर पंपाचे नट ढिले करून पंप किंचित फिरवायचा. पंपाचा शाफ्ट फिरतो त्याच्या उलट फिरवला की फवारा लवकर, त्याच दिशेनं फिरवला की उशिरा.

खूण ओलांडली गेली तर नुसतं तेवढंच मागं घेऊन भागत नाही. गियरच्या दात्यांत ढिलाई असते, ती फसवते. म्हणून चांगलं पाव फेरा मागं जायचं आणि परत पुढून यायचं. हे मला त्याच मेस्त्रीनं सांगितलं. शाळा त्याची सातवी.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे प्रदूषणाचे नियम लागले. यातल्या बहुतेकांत आता फवारा कधी मारायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. इंजिनासाठी ते चांगलंच आहे. लोड बघून टायमिंग बदलतं, धूर कमी होतो. माझा त्याला विरोध नाही.

पण मागच्या खरिपात एका नातेवाइकाचा असाच नवा ट्रॅक्टर ऐन पेरणीत थबकला. दिवा लागला, इंजिन वर चढेना. एजन्सीचा लॅपटॉपवाला माणूस चौथ्या दिवशी आला. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. वायर जोडायला दहा मिनिटं, पण आत काय बिघडलंय हे सांगणारं सॉफ्टवेअर फक्त त्याच्याकडं. तोवर वापसा उडाला, शेजाऱ्याच्या जुन्या बी-२७५ नं भाड्यानं पेरणी झाली. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांचंही फार वेगळं नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात शेती अवजारंही होती. पुढं पोर्टल आलं. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि कंपनीवर कायद्यानं बंधन असणं वेगळं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यानं २०२३ मध्ये शेतीयंत्रांसाठी असा कायदा केला. कंपनीनं मॅन्युअल, सुटे भाग आणि सॉफ्टवेअर शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकला द्यायचं. २०२४ च्या सुरुवातीपासून तो लागू आहे. आपले आमदार-खासदार ट्रॅक्टरच्या अनुदानावर भरपूर बोलतात. दुरुस्तीवर एक प्रश्न विचारलेला मी तरी ऐकला नाही.

आणि आयटीआयत 'मेकॅनिक ट्रॅक्टर' हा ट्रेड आहे. तिथल्या पोरांच्या हातात स्कॅनर मिळणार का, हा प्रश्न पालकमंत्र्यांच्या पुढच्या दौऱ्यात मी विचारणार आहे. तुमच्या गावात नवा ट्रॅक्टर असा अडकून पडला असेल तर किती दिवस आणि कशानं, तेवढं खाली लिहा. कागद घेऊन गेलेलं बरं असतं.