खारे, ऊन, गोडे

वाटाड्याबरोबर एका दिवसात उरकायची सहल हा प्रवासाचा मोठा शिस्तबद्ध प्रकार असून, पाहायच्या जागा, तेथे थांबण्याचा वेळ आणि ऐकायच्या गोष्टी हे सारे त्यात आधीच ठरलेले असते. गुरुग्रामच्या परिसरातील अशा सहलीत स्थळांची वाटणी सहसा दोन रकान्यांत होते : एकीकडे जुनी गावे, दरवाजे, महाल आणि विहिरी, तर दुसरीकडे सरोवरे, डोंगर आणि पक्षी. ही वाटणी सोयीची असली तरी येथील भूमीला ती मानवत नाही, कारण या मुलखात गाव वसले ते पाणी पाहून, भरभराटीला आले ते पाण्याच्या गुणाने आणि ओसरले तेही बहुधा पाण्याचे मोल पालटल्यामुळेच.

जमिनीची ठेवण ध्यानात घेतली म्हणजे हे सहज कळते. पूर्वेला आणि दक्षिणेला अरवलीच्या रांगा आहेत. जगातील अतिप्राचीन वलीपर्वतांत, म्हणजे भूकवचाला घड्या पडून उभ्या राहिलेल्या पर्वतांत, त्यांची गणना होते आणि झिजून झिजून त्यांची उंची आता टेकड्यांएवढीच उरली आहे. पश्चिमेला सखल मैदान असून, राजस्थानातून येणाऱ्या साहिबी नदीचे पावसाळी पाणी या पट्ट्यात पसरत आणि दिल्लीच्या वेशीवरील नजफगडच्या झिलेत साचत असे. म्हणून पहाटे पश्चिमेकडून निघून सायंकाळी डोंगरात पोहोचणारी सहल पाणी जेथे थबकते तेथून पाणी जेथे उगम पावते तेथपर्यंतचा उलटा प्रवास ठरते.

पहिला मुक्काम सुलतानपूरचा, शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवरचा. हिवाळ्यातील धुके उथळ पाण्यावरून हळूहळू वर सरकू लागते, तेव्हा मध्य आणि उत्तर आशियातून आलेल्या बदकांचे थवे आधी केवळ आवाजाने आणि मग राखाडी ठिपक्यांच्या रूपाने प्रकट होतात. बाभळी लावलेल्या मातीच्या उंचवट्यांवर चित्रबलाकांची घरटी असतात आणि काठच्या गवतात कधी सारसाची जोडी संथपणे चालताना दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला असल्याने मराठी प्रवाशाला त्याचे अप्रूप अधिक वाटावे. पक्षिनिरीक्षक आणि पत्रकार पीटर जॅक्सन यांनी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडे या पाणथळीच्या संरक्षणाचा आग्रह धरला, त्यातून येथे अभयारण्य आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झाले, तर 2021 मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांत, म्हणजे पाणथळींविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मान्यता मिळालेल्या जागांत झाला. जेमतेम दीड चौरस किलोमीटरच्या या उद्यानाची पक्ष्यांमुळे ओळख होण्यापूर्वी सुलतानपूरचे नाव घेतले जाई ते मिठासाठी, हे मात्र दुर्बीण लावून उभ्या असलेल्या प्रवाशाला क्वचितच सांगितले जाते.

त्या मिठाची कथा थोडे पुढे, फर्रुखनगरात, पुरी होते. मोगल अंमलदार फौजदार खान याने 1732 मध्ये हे नगर वसवले आणि बादशहा फर्रुखसियर याच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. आसपासच्या विहिरींचे पाणी इतके खारे होते की ते पिकाला चालत नसे; परंतु ते उपसून उथळ वाफ्यांत सोडले आणि उन्हात आटू दिले की मीठ हाती येई. समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेली ही मिठागरे नगराच्या वैभवाचा मोठा आधार होती, आणि दिल्ली दरवाजा, आरशांनी मढवलेला शीशमहाल, व्यापाऱ्यांच्या कोरीव हवेल्या या साऱ्यांमागे कमी-अधिक प्रमाणात त्याच खारेपणाचा पैसा उभा आहे. 1873 मध्ये सुरू झालेल्या दिल्ली–रेवाडी मीटरगेज लोहमार्गाचा एक फाटा या छोट्या नगरापर्यंत आणला गेला तोही मिठासाठीच. पण पुढे सांभर सरोवराच्या सरस मिठापुढे येथील माल टिकला नाही आणि वाफे ओस पडले. नगराच्या तटापाशी जी बारव आहे, म्हणजे पायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरत नेणारी बांधीव विहीर, तिच्या कमानींच्या ओवऱ्यांत भर दुपारीही गारवा असतो. जेथे बहुतेक विहिरी मीठ देत, तेथे अशा वास्तूवर एवढी कलाकुसर का खर्ची पडली, याचे उत्तर त्या गारव्यातच मिळते.

फर्रुखनगरच्या शेवटच्या नवाबाला 1857 च्या उठावात भाग घेतल्याबद्दल 1858 मध्ये फाशी देण्यात आली, एवढे वाटाडे सांगतात. त्याच्याही आधीचा मराठी दुवा बहुधा त्यांच्या बोलण्यात येत नाही. महादजी शिंदे यांनी 1784 मध्ये मोगल बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे सर्वाधिकारी पद मिळवले आणि त्यानंतर दिल्लीभोवतालच्या या प्रदेशावर शिंद्यांचा वचक राहिला. आज गगनचुंबी इमारतींनी वेढलेले झाडसा आणि त्याच्या दक्षिणेचे बादशाहपूर हा परगणा बेगम समरू या लढवय्या जहागीरदारिणीकडे होता आणि तिच्या पलटणी 1803 च्या सप्टेंबरात, आताच्या जालना जिल्ह्यातील असईच्या लढाईत, शिंद्यांच्या बाजूने होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी हा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला. वऱ्हाडातील एका गावी झालेल्या सह्यांनी गुरुग्रामचे भवितव्य ठरवले, ही गोष्ट मराठी प्रवाशाने आपल्याबरोबर न्यावी, कारण वाटेत ती कोणी सांगेलच असे नाही.

झाडसा, वजिराबाद, चक्करपूर, नाथुपूर ही गावे नाहीशी झालेली नाहीत. महसुली नकाशावर गावठाणाभोवती लाल शाईने आखलेल्या रेषेला तेथे ‘लाल डोरा’ म्हणतात. त्या रेषेबाहेरची शेते विकली गेली, त्यांवर काचेचे मनोरे उभे राहिले आणि रेषेच्या आत अरुंद गल्ल्या, म्हशींचे गोठे, भाड्याच्या खोल्या आणि हुक्क्याभोवती वडीलधाऱ्यांची बैठक जमते ती चौपाल, म्हणजे गावची चावडी, दाटीवाटीने शिल्लक राहिली. प्रत्येक गावाला ‘जोहड’ असे. जोहड म्हणजे उतारावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवणारे तळे : त्यावर गुरे पाणी पीत आणि त्यातून मुरलेले पाणी विहिरींना गोडवा देई. यांपैकी कित्येक तळी बुजवली गेली आणि ओहोळांच्या वाटांवर रस्ते आले. 2016 हे शहराच्या नामांतराचे वर्ष. त्याच वर्षीच्या जुलैत एका जोरदार पावसानंतर महामार्गावरील वाहने रात्रभर अडकून पडली, तेव्हा पाणी आपल्या जुन्या वाटा विसरलेले नाही, हे साऱ्या देशाला दिसले.

दुपारनंतर रस्ता सोहन्याकडे वळतो. येथे अरवलीच्या कुशीत गंधकयुक्त ऊन पाण्याचा झरा आहे. कोकणात अशा झऱ्यांना उन्हाळे म्हणतात आणि तेथल्याप्रमाणेच येथेही त्वचारोग बरे होतील या श्रद्धेने लोक स्नान करतात, झऱ्याशेजारी देऊळ उभे राहते आणि देवळाभोवती बाजार भरतो. जवळच असलेला दमदमा तलाव निसर्गस्थळ म्हणून दाखवला जात असला, तरी तो टेकड्यांवरून वाहून जाणारे पावसाचे पाणी बांधाने अडवून 1947 च्या सुमारास घडवलेला आहे. निसर्ग आणि मानवी कर्तृत्व यांची सीमा येथे आखता येत नाही, आणि सहलीच्या दोन रकान्यांचा फोलपणा येथेच सर्वांत स्पष्ट होतो.

दिवस मावळताना फरिदाबादच्या रस्त्यावर मांगर बनीची दरी लागते. ही गुर्जर गावांनी गुदडिया दास बाबांच्या नावाने राखलेली देवराई होय. येथील झाडाची फांदी तोडू नये असा संकेत पिढ्यानपिढ्या पाळला गेल्याने, धावड्याच्या जातकुळीतील ‘धौ’ नावाचे वृक्ष येथे उताराउतारावर दाट उभे आहेत. शेजारच्या टेकड्या दगडाच्या खाणींनी पोखरल्या होत्या आणि सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये या भागातील खाणकाम थांबवले. पण राईत कुऱ्हाड चालली नाही, ती न्यायालयापूर्वीच्या त्या संकेतामुळे. शहराच्या कडेला खाणींच्या उजाड जमिनीवर नागरिकांनी पुन्हा उभे केलेले अरवली जैवविविधता उद्यान हे याच राईचे धाकटे भावंड मानता येईल, कारण स्थानिक वृक्ष कोणते लावावेत याचा नमुना अशा राखीव दऱ्यांतूनच मिळाला. झाडांनी धरून ठेवलेला पाऊस येथे खडकांच्या भेगांत मुरतो आणि खालच्या गावांच्या विहिरींत उतरतो. गोड्या पाण्याची सुरुवात ती हीच.

अशा सहलीचे यश तिने किती स्थळे दाखवली यावरून मोजले जाऊ नये. नोकरीनिमित्त गुरुग्रामला राहणाऱ्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी आई-वडिलांनी हिवाळ्यातला एक दिवस या वाटेसाठी राखावा आणि प्रत्येक थांब्यावर वाटाड्याला एवढेच विचारावे की येथले पाणी कोठून येते आणि कोठे जाते. ज्या वाटाड्याला हे सांगता येईल तो खरा जाणकार. आणि ज्या शहराला ते सांगता येत नाही, त्याने आपल्या जोहडांची व देवरायांची यादी करून त्या राखण्याचे काम पुढच्या पावसाळ्याआधी हाती घ्यावे.