भोईमामांच्या सोबतीनं पूर्णेच्या डोहावर

मंडळी, दिवाळीचा फराळ संपला, हरभरा पेरून झाला, कपाशीच्या पुढच्या वेचणीला अजून चार दिवस आहेत, असा मोकळा वेळ आपल्या शेतकऱ्याच्या वाट्याला वर्षातून एखादवेळीच येतो. शहरातून आलेला भाचा किंवा जावई अशा वेळी हटकून म्हणतो, "चला, नदीवर मासे धरायला जाऊ." आपणही हो म्हणतो. पण गळ-दोरी घेऊन नुसतं नदीवर जाऊन बसणं वेगळं आणि जाणत्या माणसाबरोबर जाणं वेगळं. हे दुसरं कसं असतं, ते आज सांगायचं आहे.

कर्नाटकात कावेरीच्या काठी भीमेश्वरी म्हणून ठिकाण आहे. तिथं महसीर नावाचा दांडगा मासा गळाला लावायला परदेशातून पाहुणे यायचे. तंबूत राहायचे, पैसे मोजायचे. प्रत्येकाबरोबर गावातला एक वाटाड्या असे. कोणत्या खडकाआड मासा दबा धरून बसतो, हे त्यालाच ठाऊक. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तसे तंबू नाहीत, पण वाटाडे आहेत. पूर्णेच्या आणि पैनगंगेच्या काठच्या गावांतून भोई समाजाची घरं आहेत. पालख्या वाहायच्या, पुरात माणसं पैलतीराला न्यायची, जाळं टाकायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कामं. पालख्या गेल्या, पूल झाले, जाळं तेवढं राहिलं.

आधी नदी कोणती, ते ठरवा. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पडलेल्या पावसाची इथे वाटणी होते. उत्तरेच्या उतारावरचं पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा, मन या नद्यांमधून पूर्णेला, तिथून तापीला आणि शेवटी पश्चिमेच्या समुद्राला जातं. दक्षिणेकडचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा घेऊन जातात, ते गोदावरीमार्गे पूर्व समुद्राला. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन 'पूर्णा', आणि दोघींची तोंडं उलट्या दिशांना! पैनगंगा बुलढाण्याजवळ उगम पावते आणि मेहकरकडे जाते. तिचा वरचा भाग खडकाळ आहे, पाणी लवकर नितळतं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, संग्रामपूर या तालुक्यांतली पूर्णा मात्र काळ्या मातीत खोल रुतलेली. दरडी उंच, काठाला चिखल, आणि मधे मधे उन्हाळ्यापर्यंत टिकणारे डोह. मासा बघायचा तर मी पूर्णाच निवडीन. येरळीच्या किंवा खिरोड्याच्या पुलावरून तुम्ही कितीदा गेला असाल, पण पुलावरून नदी दिसते, डोह दिसत नाही.

भोईमामांकडे आदल्या दिवशीच जा. आयत्या वेळी दारात उभं राहून "चला" म्हणू नका, त्यांचाही कामाचा दिवस असतो. रोज किती द्यायचा आणि मासळीची वाटणी कशी करायची, ते तिथंच मोकळेपणानं ठरवावं. आपल्याकडे मजुराचा रोज आपण ठरवतोच ना, मग इथं संकोच कसला? धरणाच्या जलाशयावर जायचं असेल, नळगंगा म्हणा, पेनटाकळी म्हणा, तर तिथल्या मासेमारीचा ठेका दिलेला असतो, बहुधा सहकारी संस्थेला. तिथं विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं. आणि ज्ञानगंगा अभयारण्याच्या हद्दीत तर मासे धरायचेच नाहीत.

निघायचं अंधारात. उजाडायच्या आत डोहावर पोचलं पाहिजे, कारण उन्हं वर आली की मासा खाली जातो. अंगात मळखाऊ रंगाचे कपडे, डोक्याला रुमाल, पायात घट्ट वहाण. पाणी घरूनच न्या. पूर्णेचा पट्टा खारपाणपट्टा आहे, काठच्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. पण घाटावरच्या पाहुण्यांना ते माहीत नसतं आणि दहा वाजेपर्यंत त्यांचा घसा कोरडा पडतो.

पोचल्यावर मामा लगेच गळ टाकतील असं समजू नका. पहिला अर्धा तास ते नुसते पाण्याकडे बघत राहतात. कुठे बुडबुडे येतात, कुठे बगळा स्थिर उभा आहे, पलीकडच्या झाडाची मुळं पाण्यात कुठवर गेली आहेत, हे सगळं त्यांच्या डोळ्यांतून चाललेलं असतं. शहरातला पाहुणा इथेच कंटाळतो आणि बोलायला लागतो. मग मामा हळूच म्हणतात, "पाण्याले बी कान असतेत, बापू." हे खरंच आहे. काठावर पाय आपटला तरी त्याचा हादरा माशाला कळतो.

सामान साधंच. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा मणी, गळ, आणि तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा किंवा पिसाचा देठ. आमिषाला गांडूळ, कणकेचा गोळा, नाहीतर ढेप. होय, आपण बैलाला घालतो तीच. शेंगदाण्याची ढेप भिजवून तिचे गोळे पाण्यात सोडले की वासानं रोहू जवळ येतो. मग तरंगाकडे बघत बसायचं. बारकी चिंगळी माशी बसल्यासारखी टुकटुक करते, तिकडे लक्ष द्यायचं नाही. शिंगाळा तरंग थेट ओढून खाली नेतो. रोहू आधी चाखतो, सोडतो, परत चाखतो. तिथं घाई केली की गळ रिकामा वर येतो. मोठा मासा लागला तर ओढाताण करायची नाही, दोरी द्यायची, मग घ्यायची, परत द्यायची. बैल नवा असताना कासरा कसा धरतो, अगदी तसं.

आता मासळीबद्दल. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि कल्ल्यांजवळ काटे असतात. ते रुतले तर हात दिवसभर ठणकतो, म्हणून तो मामांनाच गळावरून काढू द्या. वाम सापासारखी दिसते म्हणून पोरं ओरडतात, पण तिच्याही पाठीचे बारीक काटे तेवढे सांभाळायचे. चिलापी म्हणजे तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला. तो १९५२ साली भारतात आणला आणि आता जिथंतिथं पसरला. पाण्यात नागमोडी पोहणारी दिवड दिसली तर दगड मारू नका, ती बिनविषारी असते.

मरळीबद्दल मात्र सावकाश सांगतो. मरळ वर येऊन हवा घेते, त्यामुळे आटत्या डबक्यातही तग धरते. पावसाळ्यात काठच्या गवतात ती अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की त्यांचा तांबूस थवा पाण्याच्या वरच्या थरात खळबळत फिरतो आणि खाली आई-बाप राखण करतात. त्या थव्यावर गळ फिरवला की राखणीची मरळ चवताळून झडप घालते, आणि अनाडी माणूस खूश होतो. पण त्या एका मरळीबरोबर सगळी पिल्लं उघडी पडतात, दुसरे मासे ती फस्त करतात. चांगला भोई तांबडा थवा दिसला की काठी गुंडाळून पुढं चालू लागतो. तुमचे मामा तसं करतात का, ते बघा. करत असतील तर माणूस योग्य मिळाला.

रोहू, कटला, मृगळ यांची रीत आणखी वेगळी. पहिले मोठे पूर आले की ते वाहत्या, गढूळ पाण्यात अंडी सोडतात. साठलेल्या तळ्यात ते सहसा आपणहून विणत नाहीत. म्हणून पूर्वी नदीतूनच बारकी पिल्लं धरून तळ्यात सोडावी लागत. मग १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्याच्या पाण्यात बीज मिळवलं. आज शेततळ्यात सोडायला जे मत्स्यबीज मिळतं, त्याचं मूळ त्या टोचणीत आहे. तरी नदीच्या माशाला पूरच लागतो. आषाढ-श्रावणात पोटात अंडी असलेली मादी धरली, की पुढच्या वर्षीचा डोह आपणच रिकामा केला म्हणायचं. म्हणून सहलीला दिवाळीनंतरच या. वीतभरही नसलेला मासा लागला तर ओल्या हातानं धरून परत सोडा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि सोडलेला मासाही पुढे रोगानं मरतो.

आणि आता थोडं आपल्याच घरचं बोलू. डोहावर बसलं की मामा बोट दाखवून सांगतात, इथे पूर्वी इतकी मासळी असायची, आता नाही. कारणं पुष्कळ आहेत, रेतीचा उपसा आहे, आटतं पाणी आहे. पण एक कारण आपल्या पाठीवरच्या पंपात आहे. फवारणी झाली की आपण पंप नदीवर किंवा नाल्यावर धुतो, औषधाचा रिकामा डबा तिथंच टाकतो. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माणसापेक्षा माशाला कितीतरी पट जहाल असतात. ओंजळभर धुवण सोडलं तरी लहानशा डोहातली चिंगळी पोटं वर करून तरंगते. एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं बंद केलं, पण बाकीची औषधं आहेतच. पंप बांधावर, विहिरी-नाल्यापासून लांब धुवायला चार पावलं जास्त पडतात, एवढंच. ज्या घराची चूल त्या डोहावर चालते, त्या घराच्या वतीनं हे मागणं आहे.

काही गावांतली पोरं विहिरीच्या मोटारीची तार पाण्यात सोडून मासे धरतात, कुठे सुरुंगाची दारू फोडतात, कुठे विष कालवतात. दारू आणि विष यांना १८९७ च्या मत्स्य कायद्यानंच बंदी केलेली आहे. विजेच्या तारेनं तर मासा मरायच्या आधी माणूस मरतो. तुमच्याबरोबर आलेल्या कोणी असं काही सुचवलं, तर सहल तिथंच थांबवून घरी या. मामाही थांबणार नाहीत.

लेकरांना जरूर न्या, पण पाण्यात उतरू देऊ नका. रेती काढलेल्या जागी गुडघाभर पाण्याशेजारीच पुरुषभर खड्डा असतो आणि वरून तो दिसत नाही. पूर्णेचं पाणी सातपुड्यातून येतं. तुमच्या डोक्यावर कोरडं आभाळ असलं तरी वर पाऊस झाला की पाणी चढतं. मामा "उठा" म्हणाले की गळ गुंतलेला असला तरी दोरी तोडून उठायचं, कारण विचारत बसायचं नाही.

हे डोह आहेत तोवर पाहून घ्या, असंही सांगावंसं वाटतं. नांदुरा तालुक्यात जिगावला पूर्णेवर मोठं धरण बांधलं जात आहे. आपल्या शेताला पाणी हवं, त्याबद्दल वाद नाही. पण जसजसं पाणी अडेल तसतसे वरच्या अंगाचे डोह जलाशयाखाली जातील. जलाशयातही मासे असतील, पण तिथं ठेके असतील, मोठी जाळी असतील. कोणत्या बाभळीखाली वाम बसते, हे मामांचं ज्ञान तिथं किती उपयोगी पडेल, देव जाणे.

दहा-साडेदहाला उन्हं तापली की काम संपतं. मासळी मिळेलच असं नाही. चार तासांत दोन शिंगाळे आणि मूठभर चिंगळी मिळाली तरी दिवस चांगला गेला असं समजा. ठरलेली वाटणी तिथंच करा, रोज हातात द्या. हाती काही लागलं नाही तरी रोज द्यायचाच. ज्यांना मासळी कमी पडली, त्यांनी बाजारातून आणण्यापेक्षा मामींकडून विकत घ्यावी. आठवडी बाजारात त्यांनाच पाटी घेऊन बसायचं असतं.

घरात माळकरी माणूस असेल तर मासे घरी नेऊ नका, काठावरच चूल मांडा. खवले आणि आतडी काढून लांब खड्ड्यात पुरा, नाहीतर कुत्री जमतात. तुकड्यांना हळद-मीठ आणि चिंचेचा कोळ लावून घटकाभर ठेवायचं, मग लसूण-तिखटाचा रस्सा. ज्वारीच्या भाकरी घरून आणलेल्या असाव्यात. घरी न्यायची मासळी ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. बंद पिशवीत घातली की बस मलकापूरला पोचायच्या आत वास सुटतो आणि कंडक्टर तुम्हाला खाली उतरवतो.