कुकरमधला दालचिनी पाव

मे महिन्यात सुट्टी टाकून घरी, कारंजा घाडगेला गेलो होतो. पुण्यात ओव्हनमध्ये जमलेला दालचिनी-साखरेचा पाव आईला खाऊ घालायचाच, म्हणून यीस्टची पुडी बॅगेत टाकलेली. घरी ओव्हन नाही. म्हटलं, कुकर आहे ना!

तीन वाट्या मैदा, वाटीभर कोमट दूध, दोन चमचे साखर, छोटा चमचा यीस्ट, चिमूटभर मीठ, थोडं लोणी. विदर्भातल्या उन्हाचा एक फायदा, पीठ तासाच्या आत दुप्पट फुगलं. दालचिनी मात्र पिठात मळायची नाही, तिच्यातल्या तेलाने यीस्ट मंदावतं. म्हणून लिंबाएवढे गोळे पातळ केलेल्या लोण्यात बुडवून दालचिनी-साखरेत घोळवले, डब्यात एकाला एक चिकटून रचले अन् अर्धा तास पुन्हा फुगू दिले. मग तळाशी मीठ पसरून तापवलेल्या कुकरमध्ये, शिटी अन् रिंग काढून, मंद आचेवर चाळीस मिनिटं.

"काय करून राहिला रे? रोडगेच दिसून राहिले मले," आई म्हणाली. रोडगे म्हणजे आमच्याकडचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे.

आमच्या घरी आई नेहमी शेवटी जेवते. कितीदा भांडलो, उपयोग शून्य. पण हा पाव कापायचा नसतो, वाढायचा नसतो. मधे ठेवायचा आणि सगळ्यांनी गरम असतानाच तोडायचा. वाढायलाच काही नाही, तर उभी कशाला राहणार? बसली. बाबांच्या आधी तिनेच गोळा ओढला.

"गोड जरा जास्तच झालं," असं म्हणत दुसरा घेतला.